रात्री अडीच वाजता काय वाजणार?

इंटरनेट रेडिओ काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो तो 'सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?' असा. विचारणारं कुणीही असो: तालुक्याच्या गावातलं वाचनालय, महाविद्यालयाचा माध्यम विभाग, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, नाहीतर निवृत्तीनंतर आपल्या भागातली लोकगीतं जमवत बसलेले एखादे गुरुजी. उत्तरादाखल त्यांच्यापुढे नावांचा ढीग येऊन पडतो. आइसकास्ट, शाउटकास्ट, लिक्विडसोप, अझुराकास्ट, लिब्रेटाइम, रेडिओडीजे, मिक्स, बट. या गर्दीत माणूस गोंधळतो आणि बहुतेक वेळा जे सगळ्यात चकचकीत दिसतं ते उचलतो. या विषयात बराच काळ हात घातल्यावर माझं मत असं झालं आहे की आधी दुसराच प्रश्न विचारावा. रात्री अडीच वाजता, स्टुडिओत चिटपाखरू नसताना, आपल्या रेडिओवर काय वाजणार? ज्याला याचं उत्तर नीट देता आलं, त्याची सॉफ्टवेअरची निवड निम्मी झाली.

अडीचची वेळ मुद्दाम घेतली आहे. एफएम केंद्राचा टापू ठरलेला असतो, त्यामुळे गाव झोपलं की केंद्र बंद ठेवता येतं. इंटरनेटवरच्या रेडिओला टापू नाही. नाशकात रात्रीचे अडीच वाजलेले असतात तेव्हा लंडनमध्ये हिवाळ्यात रात्रीचे नऊ झालेले असतात. न्यू जर्सीत उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच, आणि मेलबर्नमध्ये सकाळ झालेली असते. या तिन्ही ठिकाणी मराठी माणसं आहेत. भांडी घासताना, गाडी चालवताना, चहा ठेवताना ती मराठी काहीतरी लावतात. तेव्हा शांतता ऐकू आली, तर फार कमी लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा तो पत्ता उघडतात.

आकाशवाणीने हा प्रश्न माणसं नेमून सोडवला. केंद्रावर ड्यूटी रूम असते. तिथला ड्यूटी ऑफिसर प्रसारण सुरू झाल्यापासून कान देऊन ऐकत असतो. समोर क्यू शीट असते: कुठल्या वेळेला कोणता कार्यक्रम, किती लांबीचा. भाषण दोन मिनिटं आधी संपलं, तर निवेदक 'फिलर' लावतो, म्हणजे सतारीचा किंवा बासरीचा एखादा तुकडा. खंड पडलाच तर त्याची नोंद होते आणि जाब द्यावा लागतो. वाचनालयाच्या माडीवरून चालणाऱ्या रेडिओला तीन पाळ्यांत ड्यूटी ऑफिसर बसवणं परवडणार नाही. ते काम सॉफ्टवेअरकडूनच करून घ्यावं लागतं, आणि कुठलं सॉफ्टवेअर ते किती चोख करतं यावरच माझी पसंती ठरते.

बहुतेकांचा गोंधळ एका ठिकाणी होतो. तीन वेगवेगळी कामं आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात. स्टुडिओतला आवाज पकडून, त्याचा आकार लहान करून पुढे धाडणारा एन्कोडर हे पहिलं काम. आलेल्या त्या एका प्रवाहाच्या प्रती काढून प्रत्येक श्रोत्याला देणारा सर्व्हर, हे दुसरं. कधी काय वाजवायचं हे ठरवणारी स्वयंचलित व्यवस्था, हे तिसरं. तिन्ही एकाच संगणकावर बसवता येतात, पण बसवू नयेत. कारण साधा हिशेब आहे. बोलण्याचा एकपदरी, म्हणजे मोनो आवाज ६४ केबीपीएसने पाठवला, तर एका श्रोत्याला तासाला २८.८ एमबी लागतात. शंभर जण एकाच वेळी ऐकत असतील तर ६.४ एमबीपीएस इतका अपलोड अखंड लागतो, आणि स्टिरिओ संगीतासाठी १२८ केबीपीएस धरले तर त्याच्या दुप्पट. दिवसरात्र सरासरी पन्नास श्रोते धरले तरी ६४ केबीपीएसवर महिन्याकाठी साधारण १ टीबी डेटा जातो. हा बोजा घरच्या किंवा वाचनालयाच्या जोडणीवर टाकायचा नसतो. तिथून एकच प्रवाह बाहेर पाठवायचा, सर्व्हर भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवायचा आणि प्रती तिथे काढू द्यायच्या. भाडं ठरवताना मेमरी-प्रोसेसरपेक्षा महिन्याला किती टीबी डेटा मिळतो, ते आधी बघावं.

सर्व्हरची निवड करताना थोडा इतिहास माहीत असलेला बरा. अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी केंद्राने नोव्हेंबर १९९४ मध्ये आपलं एफएम प्रसारण इंटरनेटवरून द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी रिअलऑडिओ आलं. पण घरबसल्या कुणालाही केंद्र काढता येईल अशी सोय झाली ती १९९८-९९ च्या सुमाराला, विनॅम्प हा प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्टच्या शाउटकास्टमुळे. जवळजवळ त्याच आठवड्यांत जॅक मॉफिट आणि बरथ राघवन यांनी आइसकास्ट लिहायला घेतलं. तेच काम, पण मुक्तस्रोत: कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नलसॉफ्ट १९९९ मध्येच एओएलने विकत घेतलं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये एओएलने विनॅम्प बंद करत असल्याचं जाहीर केलं, शाउटकास्टचंही भवितव्य टांगणीला लागलं, आणि २०१४ च्या सुरुवातीला दोन्ही रेडिओनॉमी या कंपनीकडे गेली. आइसकास्टचा सांभाळ या सगळ्या काळात झिफ फाउंडेशन करत आलं. तिथे मालक बदलण्याचा प्रश्नच आला नाही.

तयार सेवांचंही असंच. लाइव्ह३६५ ही अमेरिकेतली मोठी सेवा हजारो लहान केंद्रांना छत देत होती. स्वामित्वधनाच्या सवलती संपल्यावर जानेवारी २०१६ च्या अखेरीस ती बंद झाली आणि ती केंद्रंही तिच्याबरोबर गप्प झाली. पुढे ती नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाली, पण मधल्या काळात विखुरलेले श्रोते कुणी गोळा करून देत नाही. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की सर्व्हर आइसकास्टचाच घ्यावा, आणि पत्ता नेहमी स्वतःच्या डोमेनवरचा द्यावा. आज भाड्याचा सर्व्हर एका कंपनीचा असेल, उद्या दुसरीचा. श्रोत्याच्या मोबाइलमध्ये साठवलेला पत्ता तोच राहिला पाहिजे.

आइसकास्ट बसवणं अवघड नाही. लिनक्सच्या सर्व्हरवर एका आज्ञेत ते येतं. खरं काम आहे ते त्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये, आणि ती फाइल ओळ न ओळ वाचावी. मूळ फाइलमध्ये पासवर्डच्या जागी 'हॅकमी' असं लिहिलेलं असतं. ते तसंच ठेवून केंद्र सुरू करणारे लोक आजही आहेत. त्यांच्या केंद्रावर कोणीही येऊन बोलू शकतं. त्याखाली माउंटपॉइंट, म्हणजे प्रत्येक प्रवाहाचं नाव. माउंटमध्येच फॉलबॅकची सोय आहे, आणि आपला अडीच वाजताचा प्रश्न इथे पहिल्यांदा सुटू लागतो. मुख्य प्रवाह तुटला तर श्रोत्यांना दुसऱ्या माउंटवर न्यायचं, आणि मुख्य प्रवाह परत आला की त्यांना पुन्हा मागे आणायचं, एवढं दोन ओळींत सांगता येतं. एक अट मात्र कटाक्षाने पाळावी लागते. दोन्ही प्रवाहांचं स्वरूप, सॅम्पल रेट, बिटरेट आणि मोनो-स्टिरिओ सगळं सारखं हवं. एक प्रवाह ४४.१ किलोहर्ट्झचा आणि दुसरा ४८ चा असेल तर सर्व्हर श्रोत्याला इमानेइतबारे दुसरीकडे नेतो, पण त्याचा प्लेअर गोंधळून बंद पडतो किंवा आवाजाची पट्टी बदलते.

याच फाइलमधली एक बाब मराठी केंद्रांसाठी फार महत्त्वाची आहे आणि इंग्रजी मार्गदर्शनांत ती सहसा सापडत नाही. गाण्याचं किंवा कार्यक्रमाचं नाव प्रवाहाबरोबर पाठवता येतं. आपण देवनागरीत 'गवळण' किंवा 'शेतीविषयक सल्ला' लिहून पाठवतो, आणि श्रोत्याच्या पडद्यावर प्रश्नचिन्हांची, चित्रविचित्र अक्षरांची रांग उमटते. एमपी३ प्रवाहाची अक्षरं लॅटिन-१ पद्धतीची आहेत असं आइसकास्ट गृहीत धरतं, म्हणून हे होतं. माउंटच्या नोंदीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे अशी एक ओळ घातली की नावं स्वच्छ देवनागरीत दिसतात. या एका ओळीअभावी कित्येक जण नाद सोडून कार्यक्रमांची नावं रोमन लिपीत लिहू लागतात. कीर्तनकारांचं नाव त्यांच्याच लिपीत दिसावं, एवढी काळजी मराठी रेडिओने घ्यायलाच हवी.

श्रोत्याला आवाज थोडा उशिरा पोचतो, त्याचंही कारण इथेच आहे. नवा श्रोता आला की त्याला थांबावं लागू नये म्हणून आइसकास्ट साठवलेले ६५,५३६ बाइट एकदम देतं. ६४ केबीपीएसवर ते आठ सेकंदांचं बोलणं होतं. त्यात प्लेअरचा स्वतःचा साठा मिळवला की श्रोता स्टुडिओच्या दहा-वीस सेकंद मागे असतो. त्यामुळे 'आत्ता बरोबर आठ वाजले आहेत' असं बोलू नये, आणि फोनवर श्रोत्याशी थेट संवाद असेल तर त्याला त्याच्याकडचा रेडिओ पूर्ण बंद करायला सांगावं.

आता तिसरं काम, ड्यूटी ऑफिसरचं. इथे मला सगळ्यात आदर वाटतो तो लिक्विडसोपचा. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून २००३-०४ च्या सुमाराला ते जन्मलं. डेव्हिड बेल्द, सॅम्युएल मिम्राम आणि रोमँ बोक्सी यांनी ते वाढवलं. ती रेडिओसाठी बनवलेली एक छोटी प्रोग्रामिंग भाषा आहे. संध्याकाळी सात ते आठ अमुक यादी, रात्री दुसरी, दर तासाला केंद्राची ओळख, कुणी माइकवर आलं की यादी थांबवून थेट प्रसारण: हे सगळं तिच्यात लिहिता येतं. तिचा करारीपणा पहिल्याच प्रयोगात दिसतो. गाण्यांच्या फोल्डरची यादी करायची, ती आइसकास्टकडे पाठवायची, एवढ्या दोन ओळी लिहून चालवायला गेलं की कार्यक्रम सुरूच होत नाही. पडद्यावर तक्रार येते: हा स्रोत 'फॉलिबल' आहे, म्हणजे कधीतरी दगा देऊ शकतो. फोल्डर रिकामं असू शकतं, डिस्क बिघडू शकते, दूरवरून येणारा थेट आवाज तुटू शकतो. तसं झालं तर काय वाजवू ते आधी सांग. आपण एखादी फाइल हाताशी ठेवून 'काही नसेल तर हे' असं लिहून दिलं, की मगच ते पुढे जातं. फाइल सर्व्हरवर आहे आणि वाजू शकते, हेही ते सुरुवातीलाच तपासून घेतं. आपल्या अडीच वाजताच्या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय जे सुरूच होत नाही, असं हे माझ्या माहितीतलं एकमेव सॉफ्टवेअर.

त्यात आणखी एक सोय आहे. प्रवाह तुटलेला नाही, एन्कोडर जोडलेला आहे, पण माइकची वायर निघाल्यामुळे नुसती शांतता जाते आहे, अशी वेळ येते. आइसकास्टच्या दृष्टीने सगळं सुरळीत असतं, कारण बाइट येत असतात. लिक्विडसोप आवाजाची पातळी ऐकत राहतं, आणि ठरवलेल्या सेकंदांपेक्षा जास्त शांतता आली की त्या स्रोताला बाजूला करून राखीव यादी लावतं. ड्यूटी ऑफिसरचा कान म्हणतात तो हाच. फक्त मर्यादा विचारपूर्वक ठरवावी. कविता वाचणारा माणूस दोन ओळींमध्ये थांबतो, कीर्तनकार प्रश्न विचारून सभेकडे बघत राहतो. पाच सेकंदांची मर्यादा ठेवली तर यंत्र त्यांच्या तोंडून शब्द काढून घेईल. बोलण्याच्या कार्यक्रमांना मी पंधरा-वीस सेकंद ठेवतो.

प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सगळ्यांना सवड नसते, आणि ती असायलाच हवी असंही नाही. अझुराकास्ट त्यांच्यासाठी आहे. ते मुक्तस्रोत आहे. आतमध्ये आइसकास्ट आणि लिक्विडसोपच काम करतात, पण आपल्याला दिसतं ते ब्राउझरमधलं सुटसुटीत पान. डॉकर असलेल्या सर्व्हरवर ते बसतं. २ जीबी मेमरी किमान हवी, ४ असेल तर निश्चिंत. फाइली चढवायच्या, याद्या करायच्या, निवेदकांना आपापले पासवर्ड द्यायचे, किती जणांनी किती वेळ ऐकलं ते बघायचं, सगळं एका जागी. लिब्रेटाइमची जातकुळी थोडी वेगळी. प्रागच्या सोर्सफॅब्रिक या संस्थेचं एअरटाइम नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्याची मुक्त आवृत्ती मागे पडू लागली तेव्हा, २०१७ मध्ये, वापरणाऱ्यांनीच त्यातून लिब्रेटाइम वेगळं काढलं. त्याच्या केंद्रस्थानी दिनदर्शिका आहे. मंगळवारी साडेसहाला आरोग्य, गुरुवारी सातला ग्रंथवाचन, प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा जबाबदार माणूस. ज्यांच्याकडे ठरलेल्या वेळांचे बोललेले कार्यक्रम आहेत त्यांना हे जवळचं वाटेल. ज्यांचा रेडिओ मुख्यतः संगीताचा आहे त्यांनी अझुराकास्ट घ्यावं. दोन्ही आठवडाभर चालवून बघितल्याशिवाय ठरवू नये.

स्टुडिओच्या टोकाला फार विचार करायला नको. साध्या विंडोज संगणकावर बट नावाचा छोटा एन्कोडर बसवला, सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड भरला, की थेट प्रसारण सुरू होतं. तो सोबत ध्वनिमुद्रणही करतो, ते नेहमी चालू ठेवावं. दोन गाणी जुळवत वाजवायची असतील तर मिक्स आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते माइकवर, खोलीच्या भिंतींवर लावायच्या जाड पडद्यांवर आणि इन्व्हर्टरवर करावेत. इन्व्हर्टरला राउटरही जोडायचा.

आवाजाच्या पातळीकडे मात्र बहुतेक नवी केंद्रं दुर्लक्ष करतात, आणि श्रोत्याला सगळ्यात आधी तेच खटकतं. आजींनी मोबाइलवर सांगितलेली ओवी हळू, त्यानंतर लागलेली जाहिरात कानठळ्या बसवणारी. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० मध्ये यासाठी आर-१२८ हे मानक आणलं. त्यात आवाजाची पातळी एलयूएफएस या एककात मोजतात, आणि युरोपातल्या प्रसारणासाठी उणे २३ ठरली. मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी उणे १८ ते उणे १६ ही पातळी ठीक पडते. प्रत्येक फाइल चढवण्याआधी मोजून सारखी करावी. लिक्विडसोपमध्ये वाजवतानाही ते करून घेता येतं.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. एमपी३ ची पेटंटं २०१७ मध्ये संपली, परवान्याचा प्रश्न उरला नाही, आणि ते जुन्या-नव्या सगळ्या उपकरणांवर वाजतं. म्हणून मुख्य प्रवाह एमपी३ चा. ऑपस हे २०१२ सालचं मुक्त मानक ३२ केबीपीएसमध्येही माणसाचा आवाज फार सुरेख नेतं. डोंगराळ भागात, जिथे मोबाइलची रेंज येते-जाते, तिथल्या श्रोत्यांसाठी त्याचा दुसरा, हलका माउंट द्यावा. ऑपस ज्यात बांधून पाठवतात त्या ऑग स्वरूपाची अ‍ॅपलच्या उपकरणांवर वर्षानुवर्षं अडचण राहिली आहे, म्हणून ऑपस एकट्यावर विसंबू नये. आणि प्रवाह एचटीटीपीएसवरूनच द्यावा. आइसकास्टचा मूळचा ८००० क्रमांकाचा पोर्ट उघडा ठेवून त्याचा पत्ता सुरक्षित संकेतस्थळावर लावला, तर आजचे ब्राउझर तो वाजवत नाहीत. शिवाय अनेक कार्यालयांच्या नेटवर्कमध्ये तो पोर्ट बंद असतो. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवून लेट्स एनक्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र घेतलं की दोन्ही अडचणी मिटतात.

राहिला हक्कांचा प्रश्न, आणि तो सॉफ्टवेअरइतकाच आधी सोडवायचा आहे. इंटरनेटवर प्रसारण करायला वारंवारितेचा परवाना लागत नाही, म्हणून गाण्यांनाही परवानगी लागत नाही, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या ३१-डी कलमाखाली प्रसारण संस्थांना मिळणारा वैधानिक परवाना इंटरनेटवरच्या सेवांना लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात २०१९ मध्ये दिला, आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मालकाशी स्वतंत्र करार हवा, आणि शब्द-सुरांसाठी आयपीआरएससारख्या संस्थेचा परवाना हवा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण त्यातल्या कवितेचा आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. जुनी तबकडी म्हणजे मोकळी तबकडी नव्हे.

मला यात तोट्यापेक्षा संधी मोठी दिसते. चित्रपटगीतं ऐकवायला बलाढ्य कंपन्या आहेत. जे त्यांच्याकडे नाही ते आपण ऐकवावं. भारतात सामुदायिक रेडिओ आधी २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना खुला झाला; १०० वॅटचा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी हा त्याचा आपल्याकडचा ठळक दाखला. त्या दुष्काळी टापूतली कितीतरी कुटुंबं पोटासाठी मुंबईला गेलेली आहेत, आणि एफएमचा आवाज काही घाट ओलांडून तिथे पोचत नाही. असा प्रत्येक टापू आपली बोली, आपल्या ओव्या, आपल्या बाजाराचे भाव स्वतःच्या प्रवाहावर टाकू शकतो. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, खुलं आहे आणि वीस वर्षं घासून-पुसून तयार झालेलं आहे. गाणाऱ्या-सांगणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती मात्र घ्या, आणि ती जपून ठेवा.

सगळं बसवून झालं की पत्ता जाहीर करण्याची घाई करू नका. आधी मोबाइलवर, घरच्या वायफायवर नव्हे तर मोबाइलच्या डेटावर, आपलंच केंद्र लावा आणि स्टुडिओच्या संगणकाची नेटची वायर उपटा. मग ती लावून माइकची काढा. मग सर्व्हरच बंद करून पुन्हा सुरू करा, आणि कुणी हात न लावता सगळं आपोआप उठतं का ते बघा. या तिन्ही वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत काही ना काही वाजू लागलं, तरच पत्ता लोकांना द्या.